लाल कुलपाचा अधिकार

"हा वाद ऐकायचा अधिकार वीज आयोगाला नाही, लवादाला आहे," कंपनीचे वकील म्हणाले.

काकूंचे वकील उठून म्हणाले, लवादाला कसला, आयोगालाच आहे. काकूंनी जांभई दिली. वर्षभर लवादापुढे हेच दोघे नेमकं उलटं बोलले होते. इथे आयोगापुढे येऊन दोन वर्षं झाली.

वाद तरी केवढा? काकूंच्या पवनचक्कीच्या स्विचपेटीला एक लाल कुलूप होतं. पेटी काकूंची, कुलूप वीजकंपनीचं. लाइन दुरुस्त करताना वायरमनने ते लावलं आणि त्याच दुपारी तो निवृत्त झाला. निरोपसमारंभासाठी त्याला खांबावरून उतरवून नेलं. हारतुऱ्यांच्या गडबडीत कुलूप राहिलं ते राहिलंच. कंपनी म्हणाली, तुमच्या पेटीला आम्ही हात लावणार नाही. काकू म्हणाल्या, मग मी तोडते. कंपनी म्हणाली, आमचं कुलूप तोडाल तर गुन्हा. तेव्हापासून वारा यायचा, जायचा आणि पाती ढिम्म उभी असायची.

कंपनीशी झालेला वीजविक्रीचा करार म्हणे, भांडण लवादाने मिटवावं. कायदा म्हणे, आयोगाने मिटवावं, नाहीतर आयोगानेच लवाद नेमावा. या 'नाहीतर'चा कीस पाडता पाडता काकूंच्या चपला झिजल्या. महिनाअखेर वीज सुरू झाली नाही, तर करारच रद्द होणार होता. नवऱ्यामागे त्यांनी एकटीने उभं केलेलं काय ते हे एवढंच. आज त्यांना खरोखर रडू येत होतं.

शिपायाने नेहमीसारखं पाणी आणून दिलं. भला माणूस. सकाळी दालन उघडायचा, संध्याकाळी बंद करायचा, मधल्या वेळात 'शांतता राखा' म्हणायचा. कमरेला किल्ल्यांचा जुडगा खुळखुळत असायचा. आज तो काकूंजवळ जरा जास्तच घुटमळला.

अध्यक्षांनी पुढची तारीख दिली, दोन महिन्यांनंतरची. काकू ताडकन उठल्या. वकील हात ओढत होते, तरी त्यांनी जाडजूड फायलीचं पहिलं पान काढलं. त्यावर कुलपाचा फोटो होता आणि कुलपाला लटकवलेली पाटी. ती कोणी वाचलीच नव्हती, कारण तिच्यात एकही कलम नव्हतं.

"साहेब, इथे लिहिलंय," काकू म्हणाल्या. "कुलूप ज्याने लावलं त्यानेच काढायचं. दुसऱ्या कोणालाही अधिकार नाही."

कंपनीचे वकील हसले. तो वायरमन लोकांचा नियम, म्हणाले. खांबावर माणूस असताना भलत्यानेच वीज चालू करू नये, म्हणून किल्ली एकच आणि ती लावणाऱ्याच्या कमरेला. आता त्या म्हाताऱ्याला शोधायचं कुठे?

दारापाशी खुळखुळ झाली. शिपाई पुढे आला. जुडग्यातून एक लाल किल्ली सोडवून त्याने अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली. निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून इथे लागलो, असं काहीसं पुटपुटला.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग विचारलं, दोन वर्षं मिठाची गुळणी धरून का बसला होतास?

"पहिल्याच तारखेला दोन्ही वकीलसाहेबांना किल्ली दाखवली होती," शिपाई म्हणाला. "दोघंही म्हणाले, यात बोलायचा तुला अधिकार नाही. त्यांचं एकमत झालेलं तेवढंच बघितलं साहेब, म्हणून गप्प बसलो."