इंजिन गार होऊ द्या

सासऱ्यांनी गाडीच्या ऑइलचं झाकण काढून जावयासमोर धरलं. आतल्या बाजूला चहाच्या रंगाचा दाट फेस चिकटला होता.

"तेलात पाणी मिसळलंय," ते म्हणाले. "हेड गॅस्केट गेलेलं दिसतंय. तेच पाणी तेलापासून वेगळं ठेवतं."

जावयाने घड्याळ पाहिलं. सव्वाआठ. नऊला निघायचं ठरलं होतं.

"तशीच हळूहळू नेली तर?"

"वीस-पंचवीस किलोमीटरवर इंजिन जाम होईल. मग भर रस्त्यात बसा दोघं."

सासऱ्यांनी उभी हयात बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये काढली होती. तिथे त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. आज पहाटे उठून त्यांनीच गाडी सुरू करून पाहिली होती आणि आवाज बरा नाही असं सांगितलं होतं. आता त्यांनी ती पुन्हा सुरू केली आणि मागच्या नळीकडे बोट दाखवलं. पांढरा धूर निघत होता. हवेत इतका गारठा होता की बोलताना दोघांच्या तोंडातूनही वाफ निघत होती.

जावयाला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने मान डोलावली.

"गॅरेजवाल्याला बोलावू या?"

"सुट्टीच्या दिवशी कोण येतंय? सामान आहे माझ्याकडे. तुम्ही हाताशी राहिलात तर संध्याकाळपर्यंत उरकू."

संध्याकाळ म्हटल्यावर जावयाच्या कपाळावर आठी चढली. त्याने बायकोला एका रात्रीसाठी माहेरी आणलं होतं, तेही तीन वर्षांनी. माहेरी जास्त राहिलं की ती बिघडते, असा त्याचा अनुभव होता. नंतर आठ-आठ दिवस धड बोलायची नाही. तिच्या भल्यासाठीच तो अशा गोष्टींत लक्ष घालत असे. तिचा फोनही तो स्वतःच्या खिशात ठेवी. ती वेंधळी, कुठेतरी विसरून येईल म्हणून.

"मी तिला सांगून येतो," तो म्हणाला.

"सासूबाई सांगतील. तुम्ही आधी हे भांडं धरा, रेडिएटरचं पाणी काढायचंय."

पाणी काढायला बराच वेळ गेला. मग नळ्या सुटल्या, वायरी सुटल्या. सासरे प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून त्यावर आकडा घालत होते. त्यांना कसलीच घाई नव्हती. जावयाचा जीव मात्र टांगणीला लागला होता. दर पाच मिनिटांनी तो दाराकडे बघे. घरात शिलाई मशीन चालू झालं, तेव्हा त्याला जरा हायसं वाटलं. लग्नाआधी ती शिवत असे. करू दे एक दिवस.

"आता थांबायचं," सासरे म्हणाले. "इंजिन गार होऊ द्या. गरम असताना हेड, म्हणजे हा वरचा भाग, सोडला तर वाकतो."

"किती वेळ?"

"दोन तास तरी."

जावई तडक दाराशी गेला. "अगं, ऐकलंस का? जरा बाहेर ये."

मशीन थांबलं. सासूबाई चहाचे दोन कप घेऊन दारात आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"न्हायला गेलीय ती," त्या म्हणाल्या. "केस धुतेय, वेळ लागेल. घ्या, गार होईल."

तो चहा घेऊन परत फिरला. थोड्या वेळाने मशीन पुन्हा सुरू झालं.

बारा वाजून गेल्यावर सासऱ्यांनी त्याच्या हातात लांब दांड्याचा पाना दिला. तो खालच्या पुलीवर बसवून घट्ट धरायचा होता.

"हलू द्यायचं नाही. पट्टा एक दात जरी सरकला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील. मग हे इंजिन भंगारात."

जावई पाऊण तास ओणवा राहून पाना धरून बसला. पाठ भरून आली, हात थरथरायला लागले. वरती सासरे सावकाश काम करत होते.

"तिला आवडतं का तिकडे?" त्यांनी मध्येच विचारलं.

"कशाला नाही आवडणार? काही कमी नाही तिला."

"नाही, काल जेवताना मी तिला विचारलं, अजून वाढू का. तिने आधी तुमच्याकडे पाहिलं."

"सवय आहे तिला," जावई म्हणाला.

पान्यावरचा सासऱ्यांचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा फिरू लागला.

दुपारी सासूबाईंनी त्याचं ताट बाहेरच आणून दिलं. हात काळे झालेत, आत कुठे येता, म्हणाल्या. ती कुठे आहे विचारल्यावर त्या ताटाकडे बघत म्हणाल्या, "पडलीय जरा." त्याला तिचा राग आला. नवरा इथे राबतोय आणि ही झोपते. घरी गेल्यावर बघू, असं त्याने मनाशी ठरवलं.

हेडचे दहा बोल्ट सासऱ्यांनी कडेकडून मध्ये येत, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत सोडले. पाच वाजत आले होते. दोघांनी मिळून हेड उचललं आणि चादरीवर ठेवलं. सासऱ्यांनी गॅस्केट अलगद सोडवून उजेडात धरलं, मग त्याच्या हातात दिलं.

जावयाने ते उलटसुलट करून पाहिलं. कुठे फाटलेलं नव्हतं, कुठे जळालेलं नव्हतं.

"हे तर धड आहे," तो म्हणाला.

"हो."

"मग तेलात पाणी आलं कुठून?"

"मी ओतलं," सासरे म्हणाले.

सासऱ्यांनी फडक्याला हात पुसले, एकेक बोट करून.

"साडेदहाची गाडी होती तिची, मागच्या दाराने गेली. एव्हाना उतरलीही असेल. कुठे ते मी तिला विचारलेलं नाही, म्हणजे तुम्ही कितीही विचारलंत तरी मला सांगता येणार नाही."