दहाची कडी

एका सोमवारी नगराध्यक्षांना त्यांच्याच सभागृहाबाहेर बाकावर बसावं लागलं. तर असं काही घडलेलंच नाही. इतिवृत्तात स्वच्छ लिहिलं आहे की अध्यक्ष पूर्ण वेळ हजर होते. कुठे हजर होते, हे लिहायला इतिवृत्तात रकाना नाही. तेव्हा पुढचं सगळं न घडलेलं समजून वाचावं.

दर सोमवारी दहा वाजता तक्रारींची सुनावणी असे. दहाच्या ठोक्याला दार बंद. नंतर येईल त्याला तीन महिन्यांनंतरची तारीख. हा नियम खुद्द अध्यक्षांनी केला होता, आणि तो दारावर त्यांच्या फोटोखाली लावलेला होता. आतून कडी लावायचं काम शिपाईबाईंकडे होतं. त्यांना सगळे कडीमावशी म्हणत. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाचं वाकडं केलं नव्हतं, दाराबाहेर राहिलेले सोडून.

त्या सोमवारी दहा वाजून पाच मिनिटांनी दार वाजलं.

"मावशी, उघडा. मी आहे."

आत एकोणीस तक्रारदार, सहा नगरसेवक आणि एक उपाध्यक्ष होते. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. मावशींचा हात कडीवर होता. पुढच्या रांगेतल्या म्हातारीने तर डोळेच मिटून घेतले. असे प्रसंग कसे संपतात, हे तिने आयुष्यभर पाहिलं होतं.

"आवाज ओळखला, साहेब," मावशी म्हणाल्या. "नियम तुमचाच ना? म्हणून आज जरा जास्तच घट्ट लावलीय."

मागच्या रांगेत कुणीतरी शिट्टी वाजवली आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

बाहेर ड्रायव्हर कुजबुजला, "साहेब, मागच्या दाराने जाऊ या?"

"ते मीच भिंत घालून बंद केलंय," अध्यक्ष म्हणाले. "पारदर्शकतेसाठी."

बाकावर एक सुतार बसला होता. त्याने सरकून जागा दिली. अध्यक्ष बसले. त्यांनी समोरचं दार खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"दार पक्कं आहे हो," अध्यक्ष म्हणाले.

"मीच बसवलंय. पाच वर्षांची हमी दिलीय."

"तुम्हालाही आज उशीर झाला?"

"आज नाही, गेल्या सोमवारी. एका मिनिटाचा. बुधवारी तुमची माणसं आली आणि रस्त्यात येतं म्हणून दुकान पाडून गेली. सुनावणी आहे तीन महिन्यांनी. तोवर जायला दुकान नाही, म्हणून इथे येऊन बसतो."

अध्यक्षांनी पाण्याची बाटली उघडली, पाणी न पिताच बंद केली. मग उशिरा आलेल्यांचा छापील अर्ज मागवला. 'उशिराचं कारण' या रकान्याशी ते अडले. ड्रायव्हर म्हणाला, "लिहा ना साहेब, लोकहिताची तातडीची कामं." सुताराने कानामागची पेन्सिल काढून पुढे केली. अध्यक्षांनी लिहिलं, 'झोपलो होतो.' त्यांना तीन महिन्यांनंतरची तारीख मिळाली.

आत उपाध्यक्ष खुर्चीवर बसले. अकरा वर्षांत त्यांनी 'अनुमोदन' याखेरीज एकही शब्द उच्चारला नव्हता. एक वाजेपर्यंत त्यांनी एकोणीसच्या एकोणीस तक्रारी निकालात काढल्या. त्यातल्या दोन तर स्वतःच्याच विरोधात.

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. लोक कडी बघायला येऊ लागले. दोघा-तिघांनी कडीबरोबर फोटो काढून घेतले. 'सगळे एकाच माळेचे मणी' असं वर्षानुवर्षं म्हणणारा किराणावाला दुकान उघडं टाकून आला, वेगळा निघालेला मणी कोणता ते बघायला. मावशी स्टुलावर बसून डबा खात होत्या. त्याने लांबूनच हात जोडले. मावशींनी घास खाली ठेवला आणि तो मग तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या सत्काराचा ठराव एकमताने मंजूर झाला. मांडला खुद्द अध्यक्षांनी. आता सत्कार म्हटला की फॉर्म आलाच. हेडक्लार्क तो घेऊन मावशींच्या स्टुलाशी आला. नाव, हुद्दा, कामगिरीचा तपशील, सगळं त्याने आपल्या सुंदर अक्षरात भरून आणलं होतं. एकच रकाना रिकामा होता, 'कडी लावल्याची नेमकी वेळ'.

"दहा लिहा मावशी, आणि करा सही. हार मागवलाय."

"दहाला नव्हती लावली."

"मग कधी लावली?" तो हसला. काल घड्याळाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे दाराकडे बघत होते.

मावशींनी फॉर्म बाजूला सारला. एक कोरा कागद मागून घेतला, चष्मा पुसला, आणि सावकाश, एकेक अक्षर जपून लिहिलं:

'मा. नगराध्यक्ष यांस अर्ज करते की, काल मी कडी दहा वाजून दोन मिनिटांनी लावली. साहेब येतील म्हणून दोन मिनिटे थांबले होते. त्याआधीच्या सोमवारी सुतारदादा शेवटच्या पायरीवर दिसत असतानाही थांबले नव्हते. तरी माझा सत्कार रद्द करावा, आणि साहेबांनी न वापरलेली सदर दोन मिनिटे सुतारदादांच्या नावे त्या सोमवारी सकाळी दहा वाजता वर्ग करून मला दार उघडण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'