डोळ्यातली बाई

जावेच्या पोरीला जाहिरात मिळाली, तेव्हापासून हिच्या पोटात दुखत होतं. म्हणून हीसुद्धा आपल्या लेकीला घेऊन त्याच फोटोग्राफरकडे आली.

पण लेक स्टुलावर तोंड फुगवून बसली. कॅमेऱ्यामागे उभं राहून आईने टाळ्या वाजवल्या, नाही नाही त्या माकडचेष्टा केल्या. पोरगी ढिम्म.

"काकू असती तर हसले असते," लेक म्हणाली.

आईच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी ती दात दाखवत टाळ्या वाजवत राहिली. आणि लेक एकदम खुदकन हसली.

"मिळाला!" फोटोग्राफर म्हणाला. "बघा ताई, चेहऱ्याचा जीव डोळ्यांत असतो." त्याने पडद्यावर एक डोळा मोठा केला.

बुबुळात दिवा होता, कॅमेरा होता, आणि कॅमेऱ्यामागे टाळ्या वाजवणारी बाई होती. ती जाऊ होती.

"अहो, तिथे तर मी उभी होते!"

फोटोग्राफरने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तो जरा मागे सरकला.

लेक स्टुलावरून उतरली. तिने आईला नीट न्याहाळलं आणि परक्या घरी बोलावं तसं हळूच विचारलं,

"काकू, माझी आई कुठे गेली?"