मिरचीची फोडणी

टेबलावर निजलेल्या बाईचा चेहरा दिसला आणि सुकलालने नाकावरचा मास्क आणखी वर ओढला. भुरीबाई. आश्रमशाळेत सहा वर्षं त्याने हिच्याच हातचं खाल्लं होतं.

धुळ्यातल्या या स्कॅन सेंटरमध्ये तो स्कॅन काढणारा एस. के. सर होता. मूळचा नाशिकचा, असं त्यानेच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. काचेपलीकडे रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टर ऋतिका बसल्या होत्या. ओळख द्यायला लागतो एक शब्द, पण त्यांच्यासमोर तो त्याने उच्चारला नाही.

भुरीबाईने येता येता काउंटरवरच्या मुलीला गाव विचारलं होतं, वॉचमनला विचारलं होतं, कपडे बदलायला नेणाऱ्या बाईलाही सोडलं नव्हतं. याला मात्र तिने काही विचारलं नाही. क्षणभर पाहिलं आणि छताकडे तोंड केलं. सुटलो बुवा, असं त्याला वाटलं. एरवी तो प्रत्येक पेशंटकडून श्वास धरायची दोनदा तालीम करून घ्यायचा. आज घेतली नाही. जितकं कमी बोलावं तितकं बरं.

सोनोग्राफीत तिच्या लिव्हरवर, अगदी वरच्या टोकाला, बारीकसा डाग दिसल्याचा संशय होता. तो कॅन्सर आहे की नाही, ते शिरेतून औषध गेल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात दिसतं. तेवढा वेळ श्वास धरावा लागतो. श्वास हलला की लिव्हर हलतं आणि एवढासा डाग विस्कटून जातो.

औषध गेलं. टेबल सरकलं. मशीनमधल्या बाईने हिंदीत श्वास रोखायला सांगितलं.

"काय म्हनस व बाई?" भुरीबाईने मशीनलाच विचारलं.

"आजी, कृपया श्वास रोखून ठेवा," सुकलाल माइकवर म्हणाला.

"हा, हा," म्हणत ती धापा टाकत राहिली.

पडद्यावर लिव्हरची वरची कड भिजलेल्या कागदावरच्या शाईसारखी पसरली होती. डॉक्टर ऋतिकांनी चष्मा काढला. "नेमकं जिथे बघायचं तिथेच सगळं हललंय. यावर मी काय लिहू? त्यांना मराठी कळत नाही का?"

"नाही, मॅडम."

"तुम्हाला येते का त्यांची भाषा?"

"नाही, मॅडम."

दोन्ही वेळा तो सहज बोलून गेला. दुसरं उत्तर खोटं होतं; तीच त्याच्या घरची बोली होती. मॅडम म्हणाल्या, किडनीचा रिपोर्ट चांगला आहे, थोड्या वेळाने पुन्हा औषध देता येईल. पण श्वास धरणार नसतील तर दुसऱ्यांदा सुई टोचून काय मिळणार? त्यापेक्षा पंधरा दिवसांनी बोलवू, तोवर कुणी समजावणारं मिळेल.

हे सांगायला तो बाहेर गेला. भुरीबाईचा मुलगा धना आईच्या चपला मांडीवर घेऊन बसला होता. फरशी स्वच्छ होती म्हणून त्याने त्या खाली ठेवल्या नव्हत्या.

"माय परत येवाव नही, साहेब," धना म्हणाला. "आजच भलती मुश्किलनी आनी तिले. जे व्हई ते आजच करा."

"बसा. बघतो," सुकलाल म्हणाला. त्या चपलांकडे त्याला बघवेना. ही बाई डाग पोटात घेऊन पिंपळनेरच्या गाडीत बसेल, पुन्हा येणार नाही, आणि आपण संध्याकाळी मास्क काढून घरी जाऊ. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

तो आत आला. माइक चालूच होता, काचेपलीकडे सगळं ऐकू जात होतं. त्याने तो बंद केला नाही. मास्क हनुवटीखाली ओढला आणि टेबलाशी वाकला.

"माय, मिरचीनी फोडनी देतांना तू दम धरे ना? तसाच धर. मी सोड म्हनस नही तवलोंग सोडू नको."

शाळेच्या त्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांची डाळ फोडणीला पडायची तेव्हा सगळे खोकत बाहेर पळायचे. भुरीबाई तेवढी तोंड मिटून कढईपाशी उभी राहायची.

तिने मान हलवली. तो काचेपलीकडे गेला, आणि मॅडमनी पुन्हा औषध द्यायला होकार दिला. दुसऱ्यांदा औषध गेलं, टेबल सरकलं, तो माइकवर 'धर' म्हणाला. तिने तोंड मिटलं आणि तिची छाती हलली नाही. तो 'सोड' म्हणाला तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

डॉक्टर ऋतिकांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा बघा. दीड सेंटिमीटर. लक्षणं कॅन्सरचीच आहेत, पण एकच आहे आणि लहान आहे. इतक्यात सापडला म्हणून इलाज तरी होईल." मग त्या त्याच्याकडे वळल्या. "एस. के., मग पहिल्याच वेळी का नाही बोललात?"

सुई काढायचं निमित्त करून तो आत गेला. पट्टी सोडवली, सुई काढली, कापसाचा बोळा तिच्या कोपराच्या घडीवर दाबून धरला. तिच्याकडे मान वर करून बघायची त्याला हिंमत होईना.

भुरीबाईने माइककडे पाहिलं. मग तोंड त्याच्या कानाशी आणलं आणि पलीकडे ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलली.

"मी तुले कव्हयच वळखं व्हतं, सुक्या. तोंडले फडकं व्हतं, पन डोया तेच शेतस. सांगं नही. म्हनं, आठे या लोकेसमोर तुले लाज वाटी."