सव्वा फेरा

मॉडेल विमानांच्या क्लबच्या मैदानावर पोचताच एल्डनचा धीर सुटला. सत्तरीत असलं वेड कुणाला सुचतं का? त्यानं गुपचूप आपल्या विमानाच्या कार्ब्युरेटरचा एक स्क्रू पार आवळून टाकला. आता पेट्रोल इंजिन दोन गचके खाऊन बंद पडणार आणि आपली लाज राहणार, एवढाच त्याचा हिशेब.

पण अख्ख्या आयोवात क्लबातल्या मार्लिसपुढे रुसून बसेल असं इंजिन नव्हतं.

"पेट्रोल येतंय, ठिणगी पडतेय, मग याला झालंय काय?" तिनं स्क्रूड्रायव्हर घातला. "अरे, हा स्क्रू कुठल्या गाढवानं आवळलाय?"

"असेल कुणीतरी," एल्डन पुटपुटला.

तिनं स्क्रू सव्वा फेरा सैल केला, पंख्याला झटका दिला आणि इंजिन झकास गुरगुरू लागलं. एल्डन नको नको म्हणेपर्यंत रिमोट तिच्या हातात होता आणि विमान मक्याच्या शेतांवर.

"हे बटण कसलं रे?" म्हणत तिनं ते दाबलंसुद्धा.

विमानाच्या पोटाखालून लांबलचक कापड फडफडत सुटलं. त्यावर हातभर अक्षरं होती: ‘मार्लिस, माझ्याशी लग्न करशील?’

सगळ्या क्लबच्या माना वर वळल्या. एल्डननं डोळे गच्च मिटले. काही क्षणांनी टाळ्या-शिट्ट्या ऐकून त्यानं वर पाहिलं, तर विमान कापडासकट कोलांट्यांवर कोलांट्या मारत होतं.

"एल्डन, रिमोट धर लवकर!" मार्लिस हसत ओरडली. "डोळ्यांतल्या पाण्यानं मला काही दिसेना. आणि पाडू नकोस हं, आपल्या लग्नात मला तेच उडवायचंय!"