पाजायची सुट्टी

लेकराचं रडणं थांबलं होतं. मातीची पाटी डोक्यावर घेऊन चांगुणा भरावाच्या निम्म्या चढणीवर थबकली. कान देऊन ऐकू लागली. खाली बाभळीकडून काहीच येईना.

चार महिन्यांचं पोर. काल दिवसभर रडलं, आज सकाळपासून रडण्याला जोर नव्हता. बहात्तरच्या त्या दुष्काळात गावच्या विहिरी आटल्या, आणि एक दिवस तसंच चांगुणाच्या अंगावरचं दूधही आटलं. सरकारी सुकडी पाण्यात कालवून बोटानं चाटवावी, तर पोर ओठ मिटून घ्यायचं.

"मुकादम, जरा खाली बघून येऊ का?"

बिभीषण मुकादमानं हजेरीच्या कागदावरून मान वर केली नाही. "सुट्टी पाजणारीला. दगडाबाई गेलीया न्हवं, तिला दूध हाय. तुला न्हाय, तर जाऊन काय करतीस? रांग सोडलीस तर नाव काटीन. बाया लई हायत."

खोटं नव्हतं. येडशीजवळच्या त्या तलावाच्या कामावर पलीकडच्या बांधाला वीसेक बाया रोज बसून असायच्या, कुणाचं नाव कटतंय याची वाट बघत. आणि चांगुणाच्या नावावर तीन जीव तगले होते. ती, सासू, पोर.

तिनं पाटी ओतली, दुसरी उचलली. जात्यावर बसली की तिला ओव्या सुचायच्या. औंदा घरात दाणा नव्हता, जातं मुकं झालं होतं. आता पोरही.

कामावरची लेकरं राखायला बाभळीखाली तिची सासूच होती, सरुबाई. म्हातारी शिवाशिव पाळणारी. बौद्धवाड्यातल्या दगडाबाईच्या पोरीची झोळी ती हातानं हलवायची नाही, लांबून दोरी ओढायची. पण नातवावर तिचा जीव. काही बरं-वाईट झालं असतं तर तिनं सांगायला यायला नको? का हजेरी बुडंल म्हणून सांजेपर्यंत गप्प बसायचं ठरवलं तिनं?

त्या विचारासरशी डोक्यावरची पाटी खाली आली.

"चांगुणे, काटलं बघ नाव," मागून मुकादम म्हणाला. ती उताराला लागली होती.

बाभळीच्या आडोशाला दगडाबाई बसली होती, लेकरू पदराखाली घेऊन. पदराबाहेर दोन इवले पाय हलत होते. डाव्या पायात काळा दोरा. तो चांगुणानंच बांधला होता.

ती तिथंच थांबली. दगडाबाईनं नजर खाली वळवली, पदर तेवढा नीट केला.

शेजारी सरुबाई. तिच्या मांडीवर दगडाबाईची पोर होती, भुकेनं स्वतःचीच मूठ चोखत. म्हातारीनं सुनेकडं बघितलं नाही. पोरीच्या तोंडावरच्या माश्या वारत ती हळू आवाजात विनवत होती, "दम धर, माझे आई. त्याचं होऊ दे. उरलं तर तुझंच हाय."