वाटेत आहे

रस्त्यावरचं बर्फ हटवणाऱ्या ग्रेडरचा फाळ ढिगात घुसला, इंजिन गुदमरलं, आणि तोख्तारने दात-ओठ खात ग्रेडर मागे घेतला. सकाळपासून हेच चाललं होतं. पुढचा रस्ता मोकळा करावा, तर वारा मागचा भरून टाकी. त्याच्या मागोमाग मोटारींची रांग होती. वादळामुळे रस्त्याचं फाटक बंद होतं, तरी वळसा घालून सगळे घुसले होते. अक्सू गावात म्हातारे कोझाबाय वारले होते, आणि मयतीला गेलं नाही तर या माळावर तोंड दाखवायची सोय उरत नाही.

कोझाबाय म्हणजे तोख्तारचे वडील. वादळ ओसरण्याची वाट बघत त्यांना दोन दिवस थंड खोलीत ठेवलं होतं. आज दुपारच्या नमाजानंतर मूठमाती द्यायचीच, असं मुल्लांनी सांगितलं होतं. पहिली मूठ थोरल्या मुलाने, म्हणजे त्यानेच टाकायची. बापासाठी करण्यासारखं आता तेवढंच उरलं होतं.

अक्सूचा फाटा आला. पुढचा चढ वाऱ्यानेच झाडून लख्ख केला होता. तिथून मोटारी आपल्या आपण गेल्या असत्या. तोख्तारचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात रेडिओ खरखरला. रस्तेखात्याच्या ठाण्यावरची नुरिला होती.

"तोख्तारदादा, मागे नाल्याच्या वळणावर बस अडकलीय. इंजिन बंद पडलंय. आत बायकापोरं आहेत."

"दुसरा ग्रेडर कुठे मेला?"

"तो सकाळीच खड्ड्यात गेलाय. दादा, तुम्हाला मागे फिरा म्हणायला माझी जीभ रेटत नाही."

"मग म्हणू नकोस ना, बाई!"

ती पुन्हा काही म्हणाली नाही, हेच वाईट झालं. भांडली असती, तर त्याला रेडिओ बंद करता आला असता.

मागची मोटार भोंगा वाजवू लागली. ग्रेडर इथेच सोडावा, त्या मोटारीत बसावं, की घटकाभरात बापापाशी. त्याचा हात दाराच्या मुठीवर गेलाही. मग त्याने वादळाला एक सणसणीत शिवी हासडली आणि ग्रेडर वळवला. मोटारी भराभर अक्सूच्या चढाकडे निघून गेल्या. नाल्यापर्यंत तो लहान पोरासारखा रडत होता.

त्याने ओढल्यावर बस निघाली. आतली माणसं गारठली होती, पण जिवंत होती. तोख्तार पुन्हा अक्सूकडे निघाला तोवर दिवस कलला होता. फाट्याजवळ गावाकडून परतणारी एक मोटार नाकाने बर्फात रुतली होती. त्याने पोलादी दोर अडकवून ती ओढून काढली. आतून फरच्या टोपीतला एक शहरी पाहुणा उतरला. तोख्तारचे डोळे तेवढे उघडे होते, बाकी तोंड मफलरमध्ये.

"उरकलं?" तोख्तारने विचारलं.

"उरकलं. म्हातारा सोन्यासारखा हो, पण थोरला मुलगा फिरकला नाही. धाकटा आपला ज्याला त्याला सांगतोय, दादा वाटेत आहे, वाटेत आहे. कसली वाट अन् कसलं काय! आम्ही नाही आलो एवढ्या लांबून? शेवटी धाकट्यानेच पहिली मूठ टाकली."

तोख्तार दोर सोडवायला वाकला, तो वाकलेलाच राहिला.

पाहुण्याला वाटलं, माणूस थकला. त्याला रित्या हाताने कसं जाऊ द्यायचं, म्हणून त्याने खिसे चाचपले. मयतीला आलेल्यांना घरच्यांनी फाडून वाटलेल्या कापडाचा तुकडा निघाला.

"घ्या, आमच्यासाठी एवढं राबलात. नव्वदीतल्या माणसाचं कापड आहे, सगळ्यांना मिळत नाही. घरी वडील असतील ना? त्यांच्या उशाशी ठेवा. आयुष्य वाढतं."

तोख्तारने हातमोजे काढले आणि तो तुकडा दोन्ही हातांनी घेतला.